कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायचं औषध: दोन लिटरची पावडर की छोटी बाटली?

पूर्णाकाठचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला. घरी कापूस आणि तूर. माझ्या बाबांसाठी विचारून राहिलो आहे, वय 64.

दिवाळीपासून बाबांच्या शौचातून अधूनमधून रक्त जातं. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आईच्या लक्षात आलं. तपासणीत हिमोग्लोबिन 8.9 निघालं. अमरावतीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि पुढच्या गुरुवारी सकाळी 11 वाजता कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठं आतडं आतून दुर्बिणीनं पाहायची तपासणी, ठेवली. चिठ्ठीवर पेगलेक पावडर लिहिली आहे: दोन लिटर पाण्यात कालवायची, अर्धी आदल्या संध्याकाळी, अर्धी तपासणीच्या दिवशी पहाटे.

आमच्या जवळच्या मेडिकलमध्ये ती पावडर नव्हती. दुकानदारानं एक छोटी बाटली काढून दिली. म्हणाला, "हे पण तेच काम करते. म्हाताऱ्या माणसाले दोन लिटर काऊन पाजता?" बाटलीवर सोडियम फॉस्फेट असं छापलेलं आहे. बाबांना बाटलीच पसंत पडली. पाणी कमी प्यावं लागेल ना. शेजारचे काका तर म्हणतात, काही घेऊच नका, एरंडेल पाजा, आमच्या वेळी तेच होतं.

बाबांना साखर आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, गुडघ्याचं दुखणं आहे, आणि किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन 1.7 आलं आहे. त्यावर डॉक्टर "लक्ष ठेवू" एवढंच बोलले.

या औषधांत खरा फरक काय असतो? कमी पाण्याचं घेतलं तर चालते का? आणि पहाटे औषध पिऊन दोन तास एसटीनं अमरावतीला न्यायचं कसं? रस्त्यात लागलं तर काय करू? बाबा आतापासूनच म्हणून राहिले, "मले नाही जायचं." ज्याला अनुभव असेल त्यानं कृपया सविस्तर सांगा.

पुसदचा_औषधविक्रेता

दादा, सगळ्यात आधी: ती बाटली उघडू नका. परत नेऊन द्या.

मी स्वतः मेडिकल चालवतो, म्हणून सांगतो. तुमच्या दुकानदाराच्या मनात वाईट नसेल, पण हा बदल ब्रँडचा नाही, औषधाचाच आहे. चिठ्ठीवर आहे ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, तुमच्या हातात आहे ते सोडियम फॉस्फेट. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाच्या जागी दुसरं द्यायचं नसतं. क्रिएटिनिन 1.7 असलेल्या, म्हणजे किडनी अशक्त असलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

पेगलेकच्या पाकिटात 137.15 ग्रॅम पावडर असते. त्यातली 118 ग्रॅम पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बाकीचे सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार, हे सगळं दोन लिटर पाण्याच्या हिशेबानं. तालुक्याच्या मोठ्या दुकानात मागवली तर साधारण दुसऱ्या दिवशी येते. चिठ्ठीचा फोटो पाठवा आणि "हेच पाहिजे" असं स्पष्ट सांगा.

निवृत्त_सिस्टर_आर्वी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात एंडोस्कोपी (दुर्बिणीनं तपासणीच्या) विभागात सिस्टर होते. मेळघाटातून, गडचिरोलीकडून, यवतमाळच्या आतल्या गावांतून माणसं रात्रभराचा प्रवास करून यायची. पोट साफ नसल्यामुळे तपासणी न होता परत जाताना त्यांची तोंडं मी पाहिली आहेत. गाडीभाडं गेलं, मजुरी बुडाली, उपास वाया गेला, आणि रोगाचा पत्ता लागलाच नाही. म्हणून जरा लांब लिहिते.

फरक सांगते. तुमच्या पावडरीतलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल शरीरात जवळपास शोषलं जात नाही. ते आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतं, आणि त्यातले क्षार असे मोजून घातलेले असतात की आतड्याच्या भिंतीतून पाणी ना फारसं आत जातं ना बाहेर येतं. जेवढं प्यालं तेवढंच मळ घेऊन खाली उतरतं. रक्तातलं पाणी आणि क्षार जागच्या जागी राहतात. 1980 साली अमेरिकेत हे मिश्रण तयार झालं ते याच विचारातून. किडनी अशक्त असेल, हृदय अशक्त असेल, वय झालं असेल, तरी डॉक्टर सहसा हेच निवडतात. पाणी जास्त प्यावं लागतं आणि चव खारट, बुळबुळीत लागते, हा त्याचा त्रास. तो खरा आहे, मी नाकारत नाही.

फॉस्फेटची बाटली उलट चालते. ती शरीरातलं पाणी ओढून आतड्यात आणते, म्हणून थोड्याशा औषधानं भरपूर जुलाब होतात. पण त्यातलं बरंचसं फॉस्फेट रक्तात जातं. अंगातलं पाणी कमी झालेलं आणि फॉस्फेट वाढलेलं, अशा वेळी कॅल्शियम फॉस्फेटचे कण किडनीच्या बारीक नलिकांत अडकू शकतात. काही रुग्णांची किडनी त्यामुळे कायमची बिघडली आहे. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर 2008 मध्ये पोट साफ करायच्या फॉस्फेट गोळ्यांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि युरोपातले पोटविकारतज्ज्ञही ते नेहमीच्या वापरासाठी सुचवत नाहीत. धोका कुणाला जास्त? वय 55 च्या वर, किडनी आधीच अशक्त, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू, सांधेदुखीच्या गोळ्या चालू. तुम्ही बाबांचं वर्णनच लिहिलं आहे त्यात. तुम्ही खारपाणपट्ट्यातले. तिकडे किडनीचं दुखणं किती घरांत आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

गुडघ्यासाठी बाबा कोणती गोळी घेतात ती पण डॉक्टरांना दाखवा. डायक्लोफेनॅकसारखी असेल तर या दिवसांत ती नको.

एरंडेलानं पोटात मुरडा येईल, जुलाबही होतील, पण आतून दुर्बिणीनं पाहता येईल एवढी सफाई होत नाही. काकांना मान देऊन नाही म्हणा.

आता लोहाच्या गोळ्या. हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसेल तर उद्याच फोन करा. लोहामुळे मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याच्या अस्तराला धरून बसतो, धुतला तरी निघत नाही. तपासणीच्या पाच ते सात दिवस आधी त्या थांबवतात. तुमच्या हातात आठच दिवस आहेत. साखरेच्या गोळ्यांचं त्याच फोनवर विचारा: आदल्या दिवशी कोणती घ्यायची, कोणती नाही, नावानिशी लिहून घ्या. पोटात अन्न नसताना काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येते. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही सांगा, मात्र मनानं बंद करू नका.

प्रवासाचं सगळ्यात अवघड आहे, त्यावर वेगळं लिहिते. आधी मला सांगा, अमरावतीत कोणी नातेवाईक आहेत का?

घाटंजीची_गुरुजीण

सिस्टरताईंनी सगळं सांगितलंच आहे. माझा अनुभव औषध पिण्यापुरता. मला दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगळी औषधं दिली होती. पहिल्यांदा हीच दोन लिटरची पावडर, नंतरच्या वेळी सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेटची पुडी, एका कपभर पाण्यात. पुडीची चव लिंबाच्या सरबतासारखी, प्यायला अगदी सोपी. पण पुडी प्याली म्हणजे झालं असं नसतं, त्यावर बरेच ग्लास पातळ पदार्थ घ्यावेच लागतात. म्हणजे पोटात जायचं ते पाणी जातंच. कमी पाण्याचं औषध हे नुसतं ऐकायला बरं वाटतं.

पावडरीचं पाणी मी स्ट्रॉनं प्यायले, जिभेच्या मागच्या अंगाला स्ट्रॉ धरून. चव कमी कळते. मधेमधे लिंबाची फोड चाटली. मळमळ आली तेव्हा अर्धा तास थांबले आणि मग सावकाश पुढे सुरू केलं. ओकारी झाली नाही.

निवृत्त_सिस्टर_आर्वी

गुरुजीणबाईंनी छान मुद्दा मांडला. त्यात एवढं जोडते की मॅग्नेशियमवालं औषधसुद्धा किडनी अशक्त असेल तर टाळतात, कारण मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचंच. आणि त्या पुडीवर म्हातारी माणसं नुसतं साधं पाणी पीत राहिली तर रक्तातलं सोडियम घसरून गुंगी येते, कधी झटकेही येतात. तिसरा एक प्रकार सल्फेटच्या द्रावणाचा. त्यात 177 मिलिलिटरची बाटली पाणी घालून 480 मिलिलिटर करतात, आणि वर तासाभरात आणखी 960 मिलिलिटर पाणी पितात, असं दोनदा. सफाई उत्तम होते. तरुण, धडधाकट माणसाला ते चांगलं. बाबांसाठी नाही.

पूर्वी मॅनिटॉल फार चालायचं, स्वस्त म्हणून. मॅनिटॉल ही साखरेच्या जातीची वस्तू. आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि हायड्रोजन वायू तयार होतो. विजेच्या तारेनं पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब, कापताना तो पेट घेऊ शकतो. 1979 साली असा एक स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. पावडरीच्या पाण्यात साखर किंवा ग्लुकोज मिसळू नका असं मी सांगते, त्याचं एक कारण हेच. लिंबू पिळून, गाळून चालेल.

पूर्णाकाठचा_शेतकरी

सिस्टर मावशी, तुमचे कसे आभार मानू कळत नाही. बाटली परत केली. दुकानदार थोडा नाराज झाला, पण क्रिएटिनिनचा कागद दाखवला तर त्यानं स्वतःच पावडर मागवून दिली.

दवाखान्यात फोन केला. लोहाच्या गोळ्या परवापासून बंद, साखरेच्या गोळ्यांचं लिहून घेतलं.

आत्या अमरावतीला लागून बडनेऱ्याला राहते. बाबांना म्हटलं आदल्या दिवशी तिथं जाऊ, तर म्हणाले, "बहिणीच्या घरी जाऊन रातभर संडासात बसू का? काय म्हणीन तिची सून?" मला यावर बोलता आलं नाही. आणि घरी ठेवावं तर आमचा संडास अंगणाच्या पलीकडे, खाली बसायचा. गुडघ्यामुळे त्यांना उठताना धरावं लागतं. रात्री लाईनीचा भरवसा नाही.

अजून दोन गोष्टी. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, त्यात पावडर कालवली तर चालते का? आणि सध्या हुरड्याचे दिवस. बाबा रोज हुरडा, सोल्याची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी, वांग्याचं भरीत आणि जवसाची चटणी खाऊन राहिले आहेत. कधीपासून बंद करू?

निवृत्त_सिस्टर_आर्वी

भाऊ, बाबांचं ते वाक्य वाचून मला माझ्या वॉर्डातली कितीतरी माणसं आठवली. ज्या माणसानं जन्मभर घराबाहेरच सगळं आटोपलं, त्याला पाहुण्याच्या घरात वारंवार संडासला जायची लाज वाटणारच. त्यात हट्ट नाही. तुम्ही आत्याशी तुमच्या तोंडानं आधीच बोला. काय औषध आहे, किती वेळा जावं लागेल, सगळं उघड सांगा. मग आत्यालाच बाबांना फोन करू द्या. बहिणीनं "दादा, तू ये, आमच्याकडे कमोड आहे" असं म्हटलं तर तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त होतं. नाहीच जमलं तर रुग्णालयाजवळ मुक्कामाची सोय विचारा. पण आदल्या रात्री अमरावतीतच राहा. का ते सांगते.

पहाटेचा अर्धा डोस लोक टाळतात. झोप मोडते, प्रवास असतो, म्हणून सगळं संध्याकाळीच पिऊन टाकतात. मात्र लहान आतडं रात्रभर काम करतच असतं. त्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली येत राहतो, आणि मोठ्या आतड्याचा उजवीकडचा, सुरुवातीचा भाग सकाळपर्यंत भिंत सारवल्यासारखा पुन्हा लिंपून निघतो. तिथलेच पॉलिप पुष्कळदा सपाट असतात, अस्तराच्याच रंगाचे. त्या लेपाखाली दुर्बिणीला ते दिसत नाहीत. बाबांचं हिमोग्लोबिन उतरलं आहे, म्हणजे उजवी बाजू नीट दिसणं किती गरजेचं आहे बघा. उजव्या बाजूची गाठ अनेकदा डोळ्यांना रक्त न दाखवता हळूहळू पांढरं करते माणसाला. मी गाठच आहे म्हणत नाही, मूळव्याधही असेल. पण पाहायचंच आहे तर पूर्ण पाहू द्या. औषध कोणतंही असो, सकाळी प्यालेल्या दुसऱ्या अर्ध्यानं जी सफाई होते ती आदल्या रात्रीच्या पूर्ण डोसानं होत नाही, हे मी टेबलाच्या कडेला उभी राहून पाहिलं आहे आणि अभ्यासांतही हेच आलं आहे.

11 ची वेळ म्हणजे दुसरा अर्धा भाग सहाच्या सुमारास सुरू करायचा आणि 9 च्या आत संपवायचा. तपासणीच्या आधीचे दोन तास पोटात पाणीही नको. 15 मिनिटांना एक ग्लास, एक लिटरला तासभर लागतो. शेवटच्या ग्लासानंतरही तासदीड तास जावं लागतं. बडनेऱ्याहून ऑटोनं तुम्ही आरामात पोहोचाल. गावाहून एसटीनं नाही. फोन करून दुपारची वेळ मिळते का तेही विचारा. दुपारी असेल तर पहाटे उठायची घाई राहत नाही.

पाणी जारचं किंवा आरओचं घ्या. पाकिटातले क्षार मोजून घातलेले असतात, त्यात बोअरचे आणखी नकोत, आणि चवही अजून बिघडेल. थंड केलं तर पिणं सोपं जातं, पण जानेवारीच्या पहाटे एवढं थंड पाणी पोटात गेलं तर म्हातारं माणूस कुडकुडतं. साधं ठेवा, अंगावर गोधडी द्या.

खाण्याचं. हुरडा, सोले, वांगं, भेदरं (टमाटर), पेरू, संत्र्याच्या फोडी, जवस, तीळ, शेंगदाणा, मेथी, अंबाडी, ज्वारीची भाकर, हे सोमवारपासून बंद. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. बियांचे तुकडे दुर्बिणीच्या नळीत अडकतात आणि मग ओढून घ्यायलाच येत नाही. या दिवसांत पांढरा भात, पातळ वरण, दही, साल काढलेल्या आलूची साधी भाजी, अंडं, मैद्याचा पाव. बाबांना साखर आहे, म्हणून भात बेतानं आणि वेळेवर. बुधवारी दवाखान्यानं सांगितलं असेल तसं. बहुतेक ठिकाणी फक्त आरपार दिसेल असं पातळ देतात: गाळलेलं वरणाचं पाणी मीठ घालून, भाताची गाळलेली पेज, लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा. नारळपाण्यात पोटॅशियम असतं, क्रिएटिनिन वाढलेलं आहे म्हणून ते विचारूनच. दूध, ताक नको. लाल-जांभळं सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. साखर मोजायचं यंत्र जवळ ठेवा. घाम सुटला, हात थरथरले, साखर 70 च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि डॉक्टरांना फोन करा. ते वेगळं द्यायचं, पावडरीच्या पाण्यात नाही.

शेवटी जे जाईल ते पिवळसर, पातळ, तळ दिसेल असं झालं पाहिजे. तोपर्यंत गढूळ असेल तर तपासणीच्या आधी तिथल्या सिस्टरला सांगा, लपवू नका. त्या रागावणार नाहीत, काहीतरी उपाय करतील. पोट दगडासारखं फुगलं, ओकारी थांबेना, चक्कर येऊन पडले, तर औषध थांबवून लगेच रुग्णालय गाठा.

आणि संडासाला जाताना बाबांना एकटं सोडू नका. रात्री दिवा, कोरडी फरशी, पायात न घसरणारी चप्पल. जुलाबांनंतर बीपी खाली येतं आणि उठताना तोल जातो. टेल्मिसार्टनच्या गोळीचं त्या दोन दिवसांत काय करायचं तेही विचारून घ्या. पुसण्याऐवजी पाण्यानं धुवा, आधीपासून खोबरेल लावा, म्हणजे आग होत नाही.

पुसदचा_औषधविक्रेता

फेस कमी करायला सिमेथिकोनचे थेंब किंवा गोळी कधी कधी सोबत लिहितात. चिठ्ठीवर नसेल तर फोनवर तेवढं विचारून घ्या. बुडबुड्यांखालीही अस्तर झाकलं जातं.

पूर्णाकाठचा_शेतकरी

आत्याचा फोन झाला. काय बोलली माहीत नाही, बाबा फोन ठेवून म्हणाले, "मंगळवारीच जाऊ, तिच्या घरी दोन दिवस राहू." वेळ बदलून दुपारी 1 ची मिळाली. सिमेथिकोन लिहून दिलं. टेल्मिसार्टन बुधवारी आणि गुरुवारी सकाळी नाही घ्यायची असं सांगितलं. आईनं जवसाची चटणी डब्यात घालून वर ठेवून दिली आहे.

मावशी, तपासणी झाल्यावर काय लक्षात ठेवू?

निवृत्त_सिस्टर_आर्वी

1 ची वेळ म्हणजे दुसरा भाग आठला सुरू, 11 च्या आत संपवा.

गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून त्या दिवशी बाबांना मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका. बडनेऱ्यालाच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी पोट दुखून फुगलं, ताप आला, जास्त रक्त गेलं तर लगेच परत न्या. पॉलिप काढला असेल तर काही दिवस नंतरही रक्त जाऊ शकतं, तेव्हा त्या दिवसांत वावरात जड काम नको. लोहाच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या ते निघताना विचारा.

आणि रिपोर्टवर सफाई कशी होती ते लिहिलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी बोस्टनचे गुण देतात, आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी 0 ते 3, एकूण 9 पैकी. प्रत्येक भागाला निदान 2 हवेत. तो आकडा पाहून घ्या. पुढची तपासणी किती वर्षांनी करायची हे डॉक्टर त्याच्यावरूनही ठरवतात.